बाराच्या नळीत वीस

“घालू नको! दुसरं घालू नको रे! नळीत हाय ते, नळीतच हाय!”

चाचाच्या या आरोळीनं रिफाच्या पलीकडच्या वाळवंटात वाळूचे ढीग सरकले आणि समुद्रापार सौदीतले बसलेले उंट उभे राहिले, असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. खरं एवढंच, की त्या दुपारी नेमबाजीच्या क्लबात, रेंजवर, दहा-बारा माणसं होती आणि त्यांतल्या एकालाच मराठी कळत होतं. तो मी. चाचाला बहरीनमध्ये बावीस वर्षं झाली होती. अरबी तो इतक्या सफाईनं बोलायचा, की टॅक्सीवाले त्याला इथलाच समजत. पण जिवावरची वेळ आली तेव्हा तोंडातून निघालं ते रत्नागिरीकडचं.

ज्यांच्यासाठी तो ओरडला ते कप्तानसाहेब, क्लबाचे सगळ्यांत जुने सभासद. जन्मभर जहाजं चालवलेला, सत्तरी ओलांडलेला बहरीनी माणूस. ते बारा बोअरची बंदूक घेऊन उभे होते आणि कानांवर आवाज अडवणाऱ्या मोठ्या वाट्या चढवलेल्या होत्या. चाचाची मराठी सोडाच, शेजारी तोफ डागली असती तरी त्यांना वाटलं असतं कुणीतरी खोकलं. मातीची तबकडी उडाली होती, त्यांनी चाप ओढला होता, आणि बार व्हायच्या ऐवजी नुसतं ‘खट्ट’ झालं होतं. त्यांनी बंदूक उघडून पाहिली. नळी रिकामी. भरायचंच विसरलो, असं समजून ते कमरेच्या पिशवीतून लाल काडतूस काढत होते.

चाचा पंधरा पावलांवर वर्कशॉपच्या दारात बसला होता, तोही पाठमोरा. त्यानं पाहिलं काहीच नव्हतं, फक्त ऐकलं होतं. काडतूस आपल्या जागी बसतं तेव्हा ‘टप्’ असा आवाज होतो. हे ‘सुर्र’ करून पुढे गेलं होतं.

मी धावलो. कसा धावलो, याच्या माझ्याकडे चार आवृत्त्या आहेत. एकीत मी तीन टेबलं ओलांडतो, एकीत बंदूक हवेतल्या हवेत झेलतो. घडलं ते असं, की स्टोअरच्या पायरीवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला, मी अडखळत रेंजपर्यंत गेलो, तिथं तोंडावर आपटलो, आणि आपटता आपटता कप्तानसाहेबांच्या पांढऱ्या थोबचं, म्हणजे पायघोळ झग्याचं, टोक माझ्या मुठीत आलं. म्हातारा मटकन खाली बसला. लाल काडतूस वाळूत पडलं. लोक मला मारायला धावले.

चाचा पायांनी जमीन चाचपत आला. त्यानं बंदूक घेतली, नळी साफ करायची काठी पुढच्या तोंडातून आत घातली आणि हलकेच ठोकली. मागच्या बाजूनं एक पिवळं काडतूस त्याच्या तळहातावर पडलं. त्यानं अंगठा फिरवला.

“वीस,” तो म्हणाला. मग त्यानं माझ्याकडे तोंड केलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या थोडं डावीकडे. मी जिथं पडलो होतो, तिथं त्याला मी दिसत नव्हतो.

आता बंदुकीतलं ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बारा बोअर आणि वीस बोअर म्हटलं की शहाण्यातल्या शहाण्याला वाटतं, वीस मोठी. मलाही वाटायचं. पण हा हिशेब लाडवांचा आहे. शेरभर पिठाचे बारा लाडू वळले तर लाडू मोठे. वीस वळले तर बारके. तसं पौंडभर शिशाच्या नळीत मावतील अशा बारा गोळ्या होत असतील तर ती बारा बोअर. वीस होत असतील तर नळी तेवढी अरुंद. अठ्ठावीस त्याहून अरुंद. हे मला चाचानं शिकवलं, पहिल्याच आठवड्यात, कारण मी एका पाहुण्याला छातीठोकपणे सांगत होतो, की साहेब, बारा ही पोरासोरांची, मर्दानं वीस घ्यावी.

चाचानं मला बाजूला ओढलं होतं. “खानदेशी, तू काडतुसांच्या कारखान्यात होतास ना रे?”

“होतो तर! रोज दहा हजार काडतुसं या हातांनी भरली.”

“कशात भरलीस? पोत्यात?”

माझं असं, की आमच्या गावाशेजारी काडतुसांचा सरकारी कारखाना होता हे खरं. त्याच्या फाटकासमोर मी चहा प्यायलो होतो हेही खरं. एवढ्या दोन सत्यांवर मी मुलाखतीत असा इमला उभा केला, की मुदीर, म्हणजे क्लबाचा मॅनेजर, मला सरळ स्टोअरकीपर करून मोकळा झाला. आधी मी मनामामध्ये एका सिमेंटच्या गोदामात कारकून होतो. तिथल्या धुळीत माझी थाप वाया जात होती.

चाचानं मला त्या दिवशी उघडं पाडलं असतं तर पुढच्या विमानानं परत गेलो असतो. त्यानं उलट मला शिकवायला घेतलं. बंदुकांची दुरुस्ती, सफाई, दस्ता माणसाच्या खांद्याला बसवून देणं, सगळं तोच करायचा. लहानपणी गावात रानडुकरांसाठी शेतकऱ्यांकडे परवान्याच्या ठासणीच्या बंदुका असत, त्या त्याचे वडील दुरुस्त करायचे. तो हात घेऊन तो बहरीनला आला, बाब अल बहरीनच्या कमानीआतल्या बाजारगल्लीत कुलपं आणि शिवणयंत्रं नीट करत बसला, आणि एक दिवस कप्तानसाहेबांनी त्याला उचलून क्लबात आणलं. आम्ही दोघं त्याच गल्लीतल्या माडीवर एका खोलीत राहायचो. एका भिंतीवर माझी निळी पताका, दुसरीवर त्याचं नमाजाच्या वेळांचं कॅलेंडर, आणि मध्ये एकच पंखा, तो कुणाचाच नाही अशा थाटात फिरणारा.

खोलीतच मला कळलं. एका शुक्रवारी तो कॅलेंडरला नाक लावून उभा होता. मी म्हटलं, “चाचा, वास घेताय का?” तो दचकला नाही. दार लावून घे म्हणाला.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणसं तो आवाजावरून ओळखायचा, रस्ता पायांनी, बंदुका बोटांनी. रंग मात्र गेले होते. काडतुसांत रंगाला फार महत्त्व. विसाची काडतुसं जगभर पिवळी करतात ती शोभेला नाही. विसाचं काडतूस बाराच्या नळीत पडलं तर मागे अडत नाही, घसरून पुढे जाऊन रुततं. वरून पाहणाऱ्याला नळी रिकामी दिसते. मग माणूस त्याच्यामागे बाराचं घालतो आणि चाप ओढतो. पुढचं सांगायची गरज नाही. नळी धरलेला हात राहत नाही. कधी तोंडही राहत नाही. म्हणून पिवळ्याची जरब.

“ऑपरेशन करून टाका की,” मी म्हटलं.

“माझ्या थोरल्या भावानं केलं. होता तो डोळापण गेला.”

“ते गावात. इथं मोठी हॉस्पिटलं आहेत.”

“इथं केलं तर कागद ऑफिसात जातो. मग मुदीर बोलेल, चाचा, खलास, आता आराम करा.” तो चटईवर बसला. “मी गावात गेलो तर मना पडवीत बसवतील. सून चहा आणून ठेवील नि बोलेल, बाबा, उजव्या हाताला हाय. इथं अजून लोक माझ्या हातात बंदूक देतात.”

एवढंच त्याला हवं होतं. हातात बंदूक द्यावी, पडवीत बसवू नये. मी त्या दिवशी छाती ठोकून वचन दिलं, की आजपासून रंग मी बघणार. आणि सांगतो, मी जन्मात कुणाशी खरं बोललो नसेन, आईशी नाही, मालकाशी नाही, व्हिसाच्या फॉर्मशी तर नाहीच. पण रंगाच्या बाबतीत चाचाशी एकदाही खोटं बोललो नाही. रोज काडतुसांची पिशवी बाहेर जाताना मी म्हणायचो, “सगळं लाल, चाचा,” किंवा “सगळं पिवळं.” तो वरून दोन-चार चाचपून रजिस्टरात तपासल्याची सही करायचा. सही त्याची, डोळे माझे. आठ महिने हे बिनबोभाट चाललं.

त्यात कप्तानसाहेबांचा खांदा दुखायला लागला.

बाराची बंदूक मागे लाथ मारते. जवानीत ती लाथ गोड लागते, सत्तरीत हाड मोजून दाखवते. डॉक्टर म्हणाले, सोडा. मुलांनी त्यांना एक नवी कोरी वीस बोअरची आणून दिली, वजनाला हलकी, लाथ निम्मी. म्हातारा ती घेऊन वर्कशॉपमध्ये आला आणि बाकावर अशी ठेवली, जशी सुनेनं केलेली बेचव भाजी.

“हे बायकांचं खेळणं आहे,” ते चाचाला म्हणाले. त्यांचं बोलणं अरबीत. चाचा मला रात्री जेवताना मराठीत ऐकवायचा.

“तबकडीला बारा बरी,” चाचानं त्यांना समजावलं. “छर्रे जास्त, फैलाव भरीव, नेम इंचभर चुकला तरी तबकडी फुटते. पण तुम्ही मुलांबरोबर शिकारीला परदेशात जाता, दिवसभर चालता. तिथं चार मैलांनंतर बारा बोअर ही बंदूक नसते, मेहुणा असतो. खांद्यावरून उतरत नाही. शिकारीला वीस न्या.”

“आणि इथं?”

“इथं हलकं काडतूस घालून बारा. खांदा ‘हो’ बोलेल तोवर. खांदा ‘नाही’ बोलला, की वीस.”

म्हाताऱ्याला पटलं नाही, आणि पटलंही. एका दिवशी ते बारा घेऊन यायचे, दुसऱ्या दिवशी वीस, कधी दोन्ही. मी त्यावरही पैज लावायचो. फिलिपिनो रिसेप्शनिस्ट मुलगी रोज इंग्रजीत चिठ्ठी पाठवायची, कोण सभासद, कुठला बोअर, किती काडतुसं. मी वाचायचो, पिशवी भरायचो.

त्या दिवशी ती रजेवर होती. तिच्या जागी बसलेल्या बहरीनी कारकुनानं चिठ्ठी अरबीत लिहिली. अरबी येते, हेही मी मुलाखतीत सांगून बसलो होतो. कप्तानसाहेबांचं नाव मी आकारावरून ओळखलं. पुढे आकडे होते. बारा तर आपल्या बारासारखाच दिसतो. मग एक तिरकी रेघ. मग आपल्या दोनाच्या चुलत भावासारखा दोन, आणि त्याच्यापुढे एक गोल.

आपल्याकडे गोल म्हणजे शून्य. शाळेत आयुष्यभर मला तोच मिळाला, मी कसा चुकेन? बारा आणि वीस. म्हातारा आज दोन्ही बंदुका घेऊन आलाय तर! मी पिशवीच्या एका कप्प्यात लाल भरली, दुसऱ्यात पिवळी. चाचाचा नियम होता, की लाल बाहेर असताना पिवळं फडताळातून हलवायचं नाही. पण कप्पे वेगळे आहेत, मला वाटलं. माझ्यासारखा हुशार स्टोअरकीपर आखातात दुसरा नाही, असंही वाटलं.

अरबीत शून्य म्हणजे नुसतं टिंब. गोल म्हणजे पाच. चिठ्ठी होती बारा बोअरची, पंचवीस काडतुसं. एका डावाला पंचवीस लागतात, हे रोज हातानं मोजणाऱ्या मला कळायला हवं होतं.

पिशवी घेऊन मी चाचाच्या बाकाशी गेलो. तो एका दस्त्याला तेल लावत होता. “सगळं बरोबर?” त्यानं विचारलं. रोज तो रंग विचारायचा. त्या दिवशी असं विचारलं. मी घाईत होतो. मला बाहेर एका नव्या सभासदाला माझ्या वाघाच्या शिकारीची गोष्ट पुरी करायची होती. वाघ झाडावर चढला होता आणि मी त्याच्या वरच्या फांदीवर होतो.

“सगळं बरोबर, चाचा.”

त्यानं वरच्या कप्प्यातली दोन चाचपली. बारा. सही केली.

एवढं झालं होतं. बाकी तुम्ही पाहिलंच; म्हातारा तबकडीच्या यंत्राकडे नजर लावून उभा, हात न पाहता पिशवीत, आणि बोटांना आलं ते पिवळं.

संध्याकाळी मुदीरनं आम्हा दोघांना ऑफिसात बसवलं. मुदीरचे वडील मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईत राहिलेले, त्यामुळे तो हिंदी आमच्यापेक्षा बरी बोलायचा. टेबलावर रजिस्टर उघडं होतं, चाचाची सही वर. मुदीर वाईट माणूस नव्हता. त्यानं मला पहिला आणि शेवटचा सरळ प्रश्न विचारला.

“पिवळं पिशवीत कसं गेलं? जे झालं ते सांग. कुणी मेलं नाही. सच बोल और जा.”

सच बोल और जा. आजही ते चार शब्द मला झोपू देत नाहीत. ‘पाचाला शून्य वाचलं साहेब,’ असं म्हटलं असतं तर काय झालं असतं? दोन शिव्या, माझ्या अरबीचं हसं, फार तर परत सिमेंट. चाचाच्या डोळ्यांपर्यंत कुणी पोचलंच नसतं. पण माझ्या जिभेला सरळ वाक्य जमत नव्हतं. लांब वाक्य तयार होतं.

“साब,” मी सुरू केलं, “कल जो हवा चली थी…”

वाऱ्यानं स्टोअरची खिडकी उघडली. खिडकीतून घोरपडीएवढा एक सरडा आत आला. सरडा फडताळावर चढला. फडताळ कोसळलं. चार हजार काडतुसं जमिनीवर, लाल, पिवळी, निळी, जशी काय रंगपंचमी. मी आणि चाचा अंधार पडेपर्यंत एकेक वेचत बसलो.

चाचा शेजारच्या खुर्चीत होता. तो मराठीत हळू म्हणाला, “गप बस रे.”

मला ऐकू आलं. पण गोष्ट रंगात आली होती, मुदीरही पुढे झुकला होता. मला वाटलं आता चाचालाही चांगलं सोडवून घेऊ, त्याची बाजू भक्कम करू.

“एकेक काडतूस चाचांनी स्वतः बघितलं, साब. चाचा की नजर यानी बाज की नजर! सौ कदम से मक्खी के पर गिनता है!”

“गप बस,” चाचा पुन्हा म्हणाला.

मुदीर मागे टेकला. त्यानं चाचाकडे पाहिलं. मग म्हणाला, “बाज की नजर. आणि पिवळं दिसलं नाही?”

त्यानं खण उघडला आणि टेबलाच्या पलीकडच्या कडेला तीन काडतुसं उभी केली. “चाचा, हात पाठीमागे. रंग बताओ.”

चाचानं हात मागे घेतले. ते हात मी पाहत होतो; बोटं एकमेकांत अडकवलेली, अंगठा बोटांवरून फिरत होता, जसं काही मागे तिथंच काडतूस असावं.

“लाल,” तो म्हणाला. “लाल. आणि ते… पिवळं.”

तिन्ही हिरवी होती.

मुदीरनं उठून चाचाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिथं मला कळलं, की तो ओरडला असता तर बरं झालं असतं. “चाचा, तुमने बहुत काम किया. अब घर जाओ. आँख दिखाओ. आराम करो.”

आराम करो, हा शब्द चाचानं मला खोलीत आधीच सांगून ठेवला होता.

पुढचे तीन दिवस मी तोंड उघडलं नाही. जन्मात पहिल्यांदा. चौथ्या दिवशी मुदीरच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि सगळं सरळ सांगितलं. चिठ्ठी, तिरकी रेघ, गोल पाच. सरडा नव्हता, फडताळ नव्हतं. मुदीर हसायला लागला. “उस दिन गिरगिट, आज पाँच का आँकडा! तू बडा दोस्त है उसका. जा, यल्ला, काम कर.” मी चिठ्ठी शोधायला गेलो. कचरा केव्हाच उचललेला होता. माझी नोकरी राहिली. सरड्याच्या गोष्टीवर मुदीरनं खिडकीला जाळी मात्र बसवून घेतली.

कप्तानसाहेब मुदीरशी भांडले म्हणतात. त्या माणसानं माझा जीव वाचवला, असं ते म्हणाले, आणि मुदीर म्हणाला, त्यानंच सही केली होती. दोन्ही खरं होतं. चाचाचा रेसिडेन्स व्हिसा रद्द व्हायला दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांत तो रोज क्लबात यायचा आणि वर्कशॉपला कुलूप असल्यामुळे बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. कुणी त्याला उठवत नव्हतं. दुपारी कुणीतरी चहा आणून ठेवायचं आणि कुठल्या बाजूला ठेवलाय ते सांगायचं.

शेवटच्या दिवशी कप्तानसाहेब दोन्ही बंदुका घेऊन त्याच बाकाशी आले. एक डाव्या हातात, एक उजव्या. या वेळी त्यांनी कुरकुर केली नाही, थट्टा केली नाही. त्यांनी नुसतं विचारलं, “बारा की वीस?”

चाचानं दोन्ही हातांत घेतल्या. बाराची त्यानं जास्त वेळ धरली. नळीवरून, चापावरून, त्यानंच कधीतरी बदललेल्या दस्त्यावरून हात फिरवला आणि परत दिली. मग वीस खांद्याला लावून पाहिली, म्हाताऱ्याच्या खांद्याला लावली, त्याचा गाल दस्त्यावर टेकवला, बोटांनी डोळ्यापासून नळीपर्यंतची रेघ तपासली.

“वीस,” तो म्हणाला. “आणि बारा आजच विकून टाका. दोन्ही एका घरात ठेवू नका.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. चाचाला ती दिसली नाही, म्हणून त्यांनी तोंडानं सांगितलं, “इंशाल्ला नाही, नक्की.” मग त्यांनी त्याला मिठी मारली. कप्तानाच्या दुखऱ्या खांद्यावर चाचाची दाढी टेकली होती आणि दोघांपैकी कुणीच हलत नव्हतं. मी हे इतरांना सांगताना त्यात पाऊस घालायचो. पाऊस नव्हता. ऊन होतं आणि दोघांना घाम आला होता.

विमान दुपारचं होतं. सकाळी खोलीत आम्ही त्याची बॅग भरली. नातवंडांसाठी चॉकलेटं, सुनांसाठी कापडं, एक टॉर्च, आणि हत्यारांची चामडी गुंडाळी. गुंडाळी विमानात नेऊ देतील का, हा प्रश्न त्यानं मला विचारला नाही, शेजारच्या खोलीतल्या माणसाला विचारला. मला ते लागलं. आठ महिने त्यानं मला रंग विचारले होते.

शेजाऱ्याकडून वजनाचा काटा आणला. मी बॅग आकड्याला अडकवून दोन्ही हातांनी उचलून धरली. तेवढ्यात मला राहवलं नाही.

“चाचा, एक सांगू? कप्पे मीच भरले. पाच मला वाचता आला नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी पिशवीत बघितलंच नाही, नुसतं बरोबर म्हटलं. आणि मुदीरसमोर तुम्ही दोनदा गप बस म्हणालात, ते दोन्ही वेळा मला ऐकू आलं होतं.” यात एक शब्द वाढवलेला नव्हता. मला वाटतं, माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत आखूड बोलणं असेल. माझे हात भरून आले होते. “काहीतरी बोला. शिव्या द्या.”

चाचा खाटेच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधत होता. गाठ झाल्यावर त्यानं ती एकदा ओढून पाहिली.

“काट्यावर किती दिसतंय,” तो म्हणाला, “ते वाच.”